काळी वायर कुठं होती?

मी मल्टिमीटर बोलतोय. या घरात माझं नाव 'खराब मशीन' आहे. वरच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, एक गंजलेली पक्कड, सुटे स्क्रू आणि कुठल्यातरी रिमोटचं झाकण यांच्या संगतीत मला ठेवलंय. घरी कुणी आलं, चहा झाला, की बेबीताई सांगते, "मीटरच खराब निघालं व माय, नाई तं माह्या सुगत कुठं चुकते!" येणारीही मान हलवते. आजकालच्या वस्तूंचं काही खरं नाही, असं म्हणते. मी डब्यात पडून ऐकतो.

खराब नाही मी. आजही नवी बॅटरी घाला आणि विचारा, बरोबर सांगेन. मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. यात माझी काही थोरवी नाही. खोटं बोलायची सोयच माझ्यात केलेली नाही. ती माणसांत असते, आणि ते ती अगदी प्रेमापोटीसुद्धा वापरतात, हे मी या घरात राहून शिकलो.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फार आठवत नाही. पोटात एक चौकोनी बॅटरी आणि काचेच्या नळीतला फ्यूज बसवला, वरून पिवळं रबरी कवच चढवलं, लाल आणि काळी अशा दोन वायरी दिल्या आणि खोक्यात बंद केलं. डोळे उघडले ते थेट अकोल्यात, एका दुकानातल्या काचेच्या कपाटात. अकोल्याच्या मे महिन्यात त्या कपाटात जो भाजून निघतो, तो पुढं कशानं बिघडत नाही. तरी मला खराब म्हणतात!

मला विकत घेतलं सुगतनं. मूळचा दर्यापूरचा, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड घेतलेला, सडपातळ, शर्टाची बाही कायम दुमडलेली. वडील तो शाळेत असतानाच वारले होते. आई सोबत आली होती, तीच बेबीताई. दुकानदारानं मला पुढ्यात ठेवलं, तर सुगतच्या आधी तिनंच उचललं आणि बाजारात टरबूज उचलून पाहतात तसं तळहातावर तोललं.

"हे काय सांगते म्हनता?"

"मावशी, करंट हाय का नाई ते सांगते. किती हाय तेबी सांगते."

"मंग हात लावून पाहा नाई लागत?"

"नाई ना. त्याच्यासाठीच तं हाय."

"घे मंग बापा," ती सुगतला म्हणाली. "तुया हाताले धोका नको."

तिचं ते वाक्य मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

आयटीआयमधले दिवस माझे सुखाचे. तिथं संध्या मॅडम शिकवायच्या. बारीक आवाज, पण वर्गात कुजबुज होऊ द्यायच्या नाहीत. त्यांनी मला कसं वापरायचं ते पोरांकडून घोटून घेतलं. व्होल्टेज मोजायचं तर सर्किट चालूच राहू द्या आणि माझी दोन टोकं दोन जागी टेकवा. करंट मोजायचा तर वाट तोडून मला मधे बसवा, म्हणजे सगळा करंट माझ्यातून जाईल. रेझिस्टन्स मोजायचा तर आधी वीज बंद. वायर कुठं तुटली का हे पाहायचं तर खटका बीपच्या खुणेवर. एवढं साधं आहे, पण माणसाला घाई असते. सुगतनं एकदा करंट मोजून झाल्यावर लाल वायर त्याच खाचेत राहू दिली आणि तशीच भिंतीतल्या सॉकेटला लावली. फट्ट आवाज झाला, माझा फ्यूज गेला आणि सगळी लॅब अंधारली. मॅडमनी रागावायच्या ऐवजी त्याला नवा फ्यूज दिला आणि म्हणाल्या, "हा फ्यूज तुझ्या जागी मेला, लक्षात ठेव."

पण त्यांचा खरा धडा वेगळाच होता. पोरगं मोठ्यानं आकडा सांगू लागलं की त्या थांबवायच्या.

"आकडा नंतर. आधी सांग, काळी वायर कुठं लावली?"

पोरं हसायची. मॅडम म्हणायच्या, "हसू नका. मीटर एका जागेचं कधीच सांगत नाही. दोन जागांमधला फरक सांगतं. तुम्ही दोघं मित्र गच्चीवर उभे असाल तर दोघांच्या उंचीत फरक किती? शून्य. म्हणून काय कठड्यावरून पाय खाली टाकणार?"

सगळा वर्ग हसला होता. सुगत तर सगळ्यात जास्त.

आयटीआय संपल्यावर सुगतला अमरावतीत दुरुस्तीच्या एका दुकानात काम लागलं. मायलेकांनी बडनेऱ्याच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाजूला बाबासाहेबांची, आणि दाराजवळच्या खिळ्यावर मी. दिवसभर सुगतसोबत दुकानात, संध्याकाळी परत खिळ्यावर. मिक्सर, चार्जर, बल्ब, सेट-टॉप बॉक्स, सगळ्यांच्या नाड्या मी पाहिल्या.

तेव्हापासूनच माणसांविषयी माझं मत वाईट व्हायला लागलं होतं. मला विचारतात, पण उत्तर आधीच ठरवून आलेले असतात. मी बॅटरी मेली म्हणालो की गिऱ्हाईक म्हणणार, "कालपर्यंत तं चालू होती." शेजारीपाजारी रिमोटचे सेल पाहायला मला मागून न्यायचे आणि परत देताना माझ्याच वायरी माझ्या गळ्याभोवती आवळून द्यायचे. आकडा आवडला तर मीटर चांगलं. नाही आवडला तर जरा हलवून परत लावा! एकट्या बेबीताईनं मला कधी काही विचारलं नाही. ती रोज सकाळी फडक्यानं माझी काच पुसायची, तसबिरी पुसून झाल्या की लगेच.

बेबीताईनं खुशालरावांच्या अभ्यासिकेत काम धरलं. खुशालराव म्हणजे गोड बोलणारा माणूस. वरच्या मजल्यावर राहायचे आणि खाली मोठ्या हॉलमध्ये लाकडी खण पाडून स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना बसायला जागा द्यायचे. कुणी पोलीस भरतीचं, कुणी तलाठ्याचं, कुणी मोठ्या साहेबाचं स्वप्न घेऊन दिवसभर तिथं मान खाली घालून बसलेलं. बेबीताईनं झाडायचं, पुसायचं आणि उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरायचं.

कूलर आमच्या वऱ्हाडात असतात तसेच, लोखंडी पत्र्याचे, वाळ्याच्या ताट्या लावलेले. अमरावतीच्या उन्हाळ्यात ते बंद म्हणजे माणूस बंद. त्यामुळं बेबीताई बटनाकडं हात नेऊ लागली की खणाखणातून आवाज यायचा, "ताई, बंद नका करू ना! पेपर जवळ आला." मग ती चालू कूलरमध्येच पाइप सोडायची.

तिची एक रीत होती. घरून लाकडी पाट नेलेला, तो कूलरसमोर ठेवायचा. पायात कोरडी रबरी चप्पल घालून त्यावर उभं राहायचं. आणि पत्र्याला आधी उलटा हात लावायचा, तळवा नव्हे, हाताची मागची बाजू. सरळ हात लावला आणि करंट असला तर बोटं मिटतात आणि पत्रा धरूनच ठेवतात. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागं येतो. चुलीजवळ स्वयंपाक शिकावा तसं वऱ्हाडातल्या बाया हे कूलरजवळ शिकलेल्या आहेत. बेबीताईच्या उलट्या हाताला झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा ती खुशालरावांकडं गेली.

"साहेब, कूलरले करंट येते."

"कोनत्या कूलरले?"

"समद्याच."

खुशालराव हसले. "काय बेबीबाई! एक म्हनलं असतं तं पाह्यलं असतं. समदे एका वक्ती कसे बिघडतीन? तुमचं पोरगं आयटीआय हाय ना? आना त्याले. पाहून घेऊ."

असं आम्हा दोघांना तिथून बोलावणं आलं. रविवारची दुपार होती. सुगत हॉलमध्ये शिरला तशी पोरं पुस्तकं मिटून भोवती जमली. त्याला ते आवडलं, हे मला त्याच्या हाताच्या पकडीवरून समजत होतं. दुकानात मालक त्याला 'ए' म्हणून हाक मारायचा. इथं सगळे 'दादा' म्हणत होते. खुशालराव खुर्ची ओढून बसले. बेबीताई पदराचं टोक धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

त्यानं माझा खटका बरोबर जागी फिरवला. लाल टोकानं कूलरचा रंग जरासा खरवडला आणि ते पत्र्यावर टेकवलं. आता काळं टोक. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. खाली फरशी, बाजूला लाकूड, पाइप प्लॅस्टिकचा. कूलरच्या शेजारीच भिंतीत एक रिकामं सॉकेट होतं, तीन भोकांचं. वरचं मोठं भोक अर्थिंगचं असतं, ते जमिनीला जोडलेलं असतं, हे त्यानं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. काळं टोक त्यानं तिसऱ्या भोकात घातलं.

मी शून्य दाखवलं.

त्यानं पुढचा कूलर पाहिला. शून्य. त्याच्या पुढचा. शून्य.

"झिरो!" पोरं ओरडली. एकानं मोबाइल काढला, माझ्या काचेचा फोटो घेतला आणि अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कूलर सेफ. मीटरने चेक केले आहे.' माझ्या उभ्या आयुष्यात निघालेला हा एकच फोटो.

आता मी काय पाहत होतो ते ऐका. भिंतीतलं ते तिसरं भोक शोभेचं होतं. इमारत बांधताना अर्थिंगसाठी जमिनीत खड्डा खणतात, त्यात कोळसा आणि मीठ भरून धातूची पट्टी पुरतात, आणि तिथून हिरवी वायर घरभर फिरवतात. इथं हिरवी वायर घरभर फिरवलेली होती, पण खड्डाच खणलेला नव्हता. वायर मुख्य बोर्डापर्यंत येऊन, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, तशीच लोंबत ठेवलेली. एका कूलरच्या पंपाची वायर पाण्यात कुजली होती. त्याचा करंट पत्र्यात उतरला, पत्र्यातून हिरव्या वायरीत गेला, जमिनीकडं जायला वाट नाही म्हणून प्रत्येक तिसऱ्या भोकात आणि तिथून प्रत्येक कूलरच्या पत्र्यात जाऊन बसला. बेबीताई म्हणाली होती, समद्याच. अगदी बरोबर म्हणाली होती.

माझं लाल टोक त्या करंटवर होतं आणि काळंही त्याच करंटवर. दोघांत फरक किती? दोघंही गच्चीवर उभे होते. खाली जमिनीवर फक्त ती माउली उभी होती, आणि तिच्यापर्यंतचं अंतर मला कुणी विचारलंच नाही. काळी वायर कुठं लावली रे, असं मी ओरडून विचारलं असतं. पण मला ओरडता येतं ते फक्त बीप, आणि त्यासाठी खटका दुसऱ्या खुणेवर असावा लागतो.

"मंग मले झिणझिण्या कावून येतेत?" बेबीताईनं विचारलं.

"आई, मीटर झिरो दाखवून राहिलं ना."

"मले तं येतेत पन."

"तुले वाटते तसं." एवढ्या लोकांत आई वाद घालते याचा त्याला संकोच झाला होता. "घामाचा हात असन. थकवा असन."

"मले वाटते?" तिनं एकदाच विचारलं, आणि हाताकडं पाहिलं. पोरं हसली. वाईट नव्हती ती पोरं, उकाड्यानं आणि अभ्यासानं कावलेली होती, त्यांना हसायला निमित्त मिळालं. खुशालराव उठता उठता म्हणाले, "चाला, शंका मिटली. आता तो पाट तेवढा घरी न्या बेबीबाई, पोराईच्या पायात येते."

तिनं पाट घरी आणला. त्यावर बसून सुगत जेवू लागला.

काही दिवसांनी जेवताना त्यानं विचारलं, "आता येतेत का झिणझिण्या?"

"नाई."

"पाह्य! म्हनलं नवतं मी?"

ती हसली आणि त्याच्या ताटात भाकर वाढली. येत होत्या झिणझिण्या. कामावरून आली की ती उजव्या हाताची बोटं माठाच्या ओल्या अंगाला टेकवून बसायची, खिळ्यावरून मला स्पष्ट दिसायचं. पण पोराच्या शब्दाला तिनं मान दिला होता. शिकलेला पोरगा आणि त्याचं मशीन एक सांगतात, आणि आपला हात दुसरं सांगतो. मग हातच खोटा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. उलटा हात लावायचीही रीत सोडली. कशाला लावायचा? पोरं हसतात.

आणि मग ते झालं. पाइप कूलरच्या तोंडातून निसटला, फरशीवर पाणी झालं. पुसलेल्या जागेवर चपलेचे डाग नकोत म्हणून ती अनवाणी होती. ओल्या फरशीवर उभी राहून तिनं सरळ हातानं पत्रा धरला, पाइप नीट बसवायला. बोटं मिटली. तोंडातून शब्दसुद्धा निघाला नाही, असं नंतर सांगणारे सांगत होते. पलीकडच्या खणातली एक मुलगी तिच्याकडं पाहत होती म्हणून बरं. ती धावत जाऊन मुख्य खटका बंद करून आली, तेव्हा बेबीताई खाली कोसळली. आम्ही तेव्हा दुकानात होतो, सुगत कुणाची तरी इस्त्री खोलून बसला होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला. तळव्याचं कातडं गेलं ते हळूहळू भरून आलं. बोटांतली जाण मात्र परत आली नाही.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सुगत मला घेऊन अभ्यासिकेत गेला. सोबत लांब वायरचं भेंडोळं होतं. कूलर चालूच होते. हो, चालूच होते! त्यावर 'हात लावू नये' असा कागद चिकटवला होता आणि खाली पोरं वाचत बसली होती, पेपर जवळ आला होता ना. सुगतनं लांब वायरचं एक टोक अंगणातल्या बोअरच्या लोखंडी पाइपला बांधलं, जो खरोखर जमिनीत गेलेला होता. दुसरं टोक माझ्या काळ्या वायरीला जोडलं. लाल टोक पत्र्याला लावलं.

दोनशेच्या वर आकडा आला.

पोरांनी पाहिला. या वेळी कुणी फोटो काढला नाही.

सुगत बोअरच्या ओट्यावर जाऊन बसला. मी त्याच्या मांडीवर होतो. "काळी वायर," तो स्वतःशीच म्हणाला. "मॅडम रोज इचारायच्या. काळी वायर कुठं लावली." मग तो रडला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण तेवढाच रागही आला.

खुशालराव खाली आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं ते लय वाईट झालं सुगत. पन तूच तपासलं होतं ना बापा? समद्याईच्या समोर. ग्रुपवर फोटो हाय. मी तुया भरोशावरच तं बसलो होतो." चौकशीला सरकारी माणूस आला तेव्हा त्यांनी हाच फोटो पुढं केला. त्या माणसानं माझं शून्य पाहिलं आणि मान डोलावली. जे उत्तर मी खरं दिलं होतं, तेच खुशालरावांनी साक्षीला उभं केलं, आणि त्या साक्षीवर ते सुटले. पंप बदलला. खड्डा काही खणला नाही, आणि पुढची वायर कुजायला पाणी होतंच.

सुगतनं घरी आईला सगळं सांगितलं. हात बँडेजमध्ये, ती भिंतीला टेकून बसलेली.

"आई, तू बरोबर होती. मीच चुकलो."

"तू नाई चुकला. मशीन खराब हाय ते."

"मशीन बरोबर होतं आई, मीच काळी वायर…"

"चूप," ती म्हणाली. "मशीन खराब हाय. समजलं का?"

तेवढ्यात शेजारची शालू डबा घेऊन आली. बेबीताईनं तिला तेच सांगितलं. मी सुगतकडं पाहत होतो. त्यानं तोंड उघडलं, आईकडं पाहिलं आणि मिटून घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, बिचारा, आईचं मन राखतोय. पण पुढं जो कोणी येईल त्याला ती हे सांगत गेली, आणि याचं गप्प बसणं दर वेळी थोडं सोपं होत गेलं. शेवटी शेवटी तर तो मानही हलवू लागला. मग त्यानं नवं मीटर आणलं आणि मला डब्यात टाकलं. खराब वस्तू खिळ्यावर कोण ठेवतं?

तिनं लेकाला वाचवलं, यात शंका नाही. रोज त्या हाताकडं पाहत जगायचं तर त्याला कुणीतरी दोषी हवाच होता, मग मी झालो. मला त्याचंही एवढं दुःख झालं नसतं. पण मीटर खराब म्हटल्यावर तिसऱ्या भोकाचं नाव काढायचं कारणच उरलं नाही. दोषी मिळाला, डब्यात बंद झाला, सगळे मोकळे झाले. आणि अभ्यासिकेत बेबीताईच्या जागी इंदूबाई पाणी भरू लागली.

यंदाचा उन्हाळा आला. इंदूबाई परवा संध्याकाळी भेटायला आली होती. बेबीताई भाकरी थापत होती. आता ती डाव्या हातानं थापते आणि उजव्यानं फक्त परात धरते. तवा तापला का हे पूर्वी नुसता हात वर धरून तिला कळायचं, आता पाण्याचे थेंब टाकून पाहावं लागतं. सुगत तिथंच पाटावर बसून नव्या मीटरला बॅटरी घालत होता.

इंदूबाई इकडचं तिकडचं बोलली आणि मग सहज म्हणाली, "बेबीबाई, तुमाले सांगू का, आठ-चार दिवसांपासून मलेबी बोटाईत झिणझिण होते. समद्याच कूलरले. साहेब म्हनते, तुमाले बेबीबाईचं ऐकून तसं वाटते."

सुगतचा हात थांबला. मी डब्याच्या फटीतून पाहत होतो. बोल की रे, मी मनात म्हणालो. आता तरी बोल. त्यानं मान खाली घातली.

बेबीताईनं तवा खाली उतरवला. उजवा हात पुढं करून इंदूबाईच्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून.

"मशीन खराब नवतं, इंदू," ती म्हणाली. "बरोबर होतं ते. पोरगं चुकलं माह्यं. आन् मीबी खोटं बोलली, लोकाईले सांगत फिरली. तुले वाटत नाई. येते करंट. तू तुया हाताचं आयक."

सुगतकडं तिनं पाहिलं नाही. तो उठला, नवं मीटर आणि लांब वायर पिशवीत टाकली आणि चपला घालून निघून गेला. मला वाटलं होतं, डब्याकडं हात येईल. आला नाही. असो.

मी खरा ठरलो तर कसा आनंद होईल, याचा मी डब्यात पडल्या पडल्या पुष्कळ विचार केला होता. काही झाला नाही. त्या तळव्यावरचा चट्टा दोघींच्या मधे पसरलेला होता, आणि कसला आनंद?

इंदूबाई जायला निघाली तेवढ्यात सुगत परत आला. पिशवी तशीच होती. वायरचं भेंडोळंही सुटलेलं नव्हतं.

"तपासलं का?" बेबीताईनं विचारलं.

"तपासू नाई देल्लं." तो दारातच उभा होता. "खुशालराव म्हने, तुयं मीटर खराब असते. तुयी आईच तं गावभर सांगते. मागच्या टायमाले तपासलं तं काय झालं, म्हने. आता सरकारी माणूस आनून पाहीन, फुरसतीनं. खड्डा नाई खणला का, म्हनलं, तं म्हनते, नवी फरशी बसवली बापा, आता कुठं खंदू."

बेबीताईनं डोळे मिटले. तिनं माझ्यावर ठेवलेला तो आळ फिरून कुणाच्या कामी आला, हे तिला समजलं असावं. सुगत म्हणाला, "मी अर्ज करतो. मोठ्या साहेबाले भेटतो." करेलही. त्याच्या आवाजात तेवढं होतं. पण अर्ज चालायला वेळ लागतो आणि कूलरमध्ये पाणी उद्या सकाळीच टाकायचं असतं.

"काम सोडून देऊ का?" इंदूबाईनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "सोडून कसं जमन."

"बटन बंद करून पानी टाकजो," बेबीताई म्हणाली.

"पोरं बंद करू देत नाईत ना."

माझी गोष्ट एवढीच. आता माझ्या बॅटरीतून हिरवट पाणी सुटलं आहे, पत्र्यांना गंज धरतोय, थोड्या दिवसांनी मी खरोखरच खराब होईन आणि बेबीताईचं जुनं बोलणं खरं होईल. त्याआधी तुम्हाला सांगून ठेवतो. माझा आकडा वाचण्याआधी काळी वायर कुठं आहे ते पाहा. आणि घरात, कामावर, कुठंही, कुणी म्हणालं की मला झिणझिण्या येतात, तर मला शोधत बसूच नका. आधी बटन बंद करा. माझं शून्य तपासायला मागाहून वेळ आहे.

आणि ती पोरं? ती त्या संध्याकाळीही तिथं वाचत बसली असतील.

इंदूबाई उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा बेबीताईनं तिला हाक मारली. मग तिनं सुगत बसायचा तो पाट डाव्या हातानं उचलला, पदरानं पुसला आणि इंदूबाईच्या हातात दिला.

"घेऊन जाय. याच्यावर उभी राहत जाय आन् उलटा हात लावत जाय," ती म्हणाली. "पोरं हासतीन. हासू देजो."